ओळी पाठ करण्यापेक्षा तीन खुणा धरा

मुलाला पियानो-कीबोर्डसाठी पाश्चात्त्य स्वरलिपी (पाच आडव्या ओळींवर लिहिलेले सूर) वाचायला कशी शिकवावी, यावर कोणीतरी प्रत्येक ओळीच्या सुराचे इंग्रजी अक्षर घेऊन त्यांचे वाक्य करून पाठ करायला सांगितले आहे. परीक्षेपुरते ठीक, पण वाजवताना प्रत्येक सुराला खालून मोजत बसावे लागते आणि लय तिथेच मरते.

त्याऐवजी तीन खुणा पक्क्या करा: मधला सी (ट्रेबलच्या ओळींखाली आणि बेसच्या ओळींवर, छोट्या जादा रेघेवर लिहितात तो), ट्रेबल क्लेफमध्ये (ओळींच्या सुरुवातीचे उंच सुरांचे चिन्ह, बहुधा उजव्या हाताचे) खालून दुसऱ्या ओळीवरचा जी, बेस क्लेफमध्ये (खालच्या सुरांचे चिन्ह, बहुधा डाव्या हाताचे) खालून चौथ्या ओळीवरचा एफ (क्लेफचे दोन ठिपके याच ओळीच्या वर-खाली असतात). बाकीचे सूर खुणेपासूनच्या अंतराने वाचा. ओळीवरून लगतच्या मोकळ्या जागेत गेलात तर शेजारची पांढरी पट्टी. ओळीवरून पुढच्या ओळीवर गेलात तर मधली एक पांढरी सोडून.

डावा हात सतत चुकतो, कारण डोळे बेस क्लेफही ट्रेबलसारखाच वाचतात. सर्वांत खालची ओळ ट्रेबलमध्ये ई, बेसमध्ये जी. म्हणजे चूक नेहमी दोन अक्षरांची.

दुसरा सापळा सुरांजवळ छापलेल्या बोटांच्या आकड्यांचा. मूल ‘१’ दिसला की अंगठा दाबते, सूर वाचतच नाही. तीच धून दुसऱ्या बोटाने सुरू करायला लावा, मूल सूर वाचते की आकडा ते लगेच कळते.

पेटीवाल्यांसाठी: सी म्हणजे पांढरी एक. पण सुरांवर सा-रे-ग लिहू नका. गाण्याची पट्टी (स्केल) बदलली की सा सरकतो, कागदावरचा जी मात्र जीच राहतो.

रोज नवे, सोपे चार माप (दोन उभ्या रेघांमधला भाग म्हणजे एक माप), मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ५०-६० ठोक्यांवर, चुकले तरी न थांबता. तीच धून आठवडाभर घोटली तर वाचन होत नाही, पाठांतर होते.