बिन-१च्या क्रिस्टलमध्ये मेम्ब्रेन आहे कुठे?

मृण्मयी: कालच्या लेखात ठोकून दिलंय, की मानवी बिन-१ या प्रथिनाच्या बार डोमेन नावाच्या भागाचं क्रिस्टल स्ट्रक्चर (स्फटिकावरून काढलेली रचना) २००६ मध्ये आलं, ते केळ्यासारखं वाकडं निघालं, म्हणजे मेम्ब्रेन, पेशीचा पडदा, कशी वाकते ते कळलं. कसं कळलं? त्या क्रिस्टलमध्ये मेम्ब्रेन नाहीच! प्रथिनाच्या दोन साखळ्या बिलगून सहा हेलिक्सची (मळसूत्री वळ्यांची) जुडी झालीय आणि आतल्या बाकावर लायसिन-आर्जिनिन या अमिनो आम्लांचा धनभार आहे, एवढंच दिसतं. मेम्ब्रेनमध्ये घुसणारी टोकाची हेलिक्स लिपिड (मेम्ब्रेनमधले स्निग्ध रेणू) असल्याशिवाय घडतच नाही. मग वाकवतं कोण? नुसत्या प्रथिनांच्या गर्दीनेही मेम्ब्रेन वाकते, हे २०१२ मध्येच दाखवलंय.

कोल्डरूम: मृण्मयीताई, मग डी१५१एनचं काय? २००७ मध्ये सेंट्रोन्यूक्लिअर मायोपथी या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांत सापडलेला, याच डोमेनमधला बदल. एकच अमिनो आम्ल बदललं आणि पेशीत मेम्ब्रेनच्या नळ्या धड होईनात. गर्दी तर तेवढीच होती ना? आकार बिनकामाचा म्हणू नका.

मृण्मयी: तसं मी कुठे म्हटलं? माझ्या तोंडी शब्द घालू नका.

निखिल: अल्फाफोल्ड, हे प्रथिनांच्या रचनेचा अंदाज देणारं एआय, असताना हा वाद कशाला? सिक्वेन्स (अमिनो आम्लांचा क्रम) टाका, रचना हजर. क्रिस्टलवरचा सरकारी खर्च बंद करा.

कोल्डरूम: अल्फाफोल्ड शिकलं कशावर? आमच्यासारख्यांनी पीडीबीत, म्हणजे प्रथिनरचनांच्या खुल्या संग्रहात, जमा केलेल्या स्ट्रक्चर्सवर! २०२१चा त्यांचा डेटाबेस एकेका साखळीचा होता, बारचा बाक दोन साखळ्या जुळल्यावर येतो. लॅबमधली पोरं प्रथिन शुद्ध करत रात्रभर कॉलमपाशी बसतात, थेंबात सुयांसारखे स्फटिक दिसले की नाचतात, आणि क्ष-किरणांच्या बीमवर नेल्यावर ते मीठ निघतं. वर फेलोशिप महिनोन्महिने थकलेली. त्यांना सांगा खर्च बंद करा म्हणून!

निखिल: फेलोशिप अल्फाफोल्डने थकवली का? उलट पोरांच्या रात्री वाचतात. आणि दोन साखळ्यांची रचनाही २०२१ पासूनच काढता येते.

कोल्डरूम: येते. पण ती बरोबर आहे हे पडताळणार कशाशी?

शुभदा: तुमचं चालू द्या, पण माझ्या पुतण्याला जिना चढवत नाही. रिपोर्टमध्ये बिन-१मधला बदल आहे आणि पुढे लिहिलंय, ‘महत्त्व अनिश्चित’. त्याच्या आईला काय सांगायचं?

मृण्मयी: शुभदाताई, तो बदल बार डोमेनमध्ये असेल तर नेमका कुठे बसतो, बाकावर की दोन साखळ्यांच्या सांध्यात, हे क्रिस्टलवरून बघता येईल. कोल्डरूम, तेवढं तुमचं मान्य. पण त्याने नळ्या बिघडतात का, हे पेशीतच तपासावं लागेल. त्यावर मी हटणार नाही.