वजन महिनोन्‌महिने अडलं, तर काटा कपाटात ठेवावा का?

मांडवीपार
खाणं मोजून, चालणं नेमाने, तरी दीड-दोन महिने वजन जागचं हलत नाही. अशा वेळी बहुतेक जण ताट आणखी लहान करतात. मला ते चूक वाटतं. सहा आठवडे आकडा तोच राहिला की काटा कपाटात ठेवावा, पुढचे आठ आठवडे वजन उतरवायचंच नाही असं ठरवावं, घरच्यांना तसं सांगून टाकावं आणि आहे ते वजन राखण्यापुरतं खावं.

महिनोन्‌महिने कमी खाल्लं की माणूस चिडचिडा होतो, डोक्यात सतत खाण्याचेच विचार येतात, कशात उत्साह राहत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. धडधाकट, निवडून घेतलेली माणसं. ती अबोल झाली, भांडकुदळ झाली, काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. तेव्हा प्लॅटोत, म्हणजे असं वजन अडण्यात, सापडलेला माणूस स्वतःला 'मनाने कच्चा' म्हणतो, त्यातला बराचसा दोष उपाशी शरीराचा असतो.

करायचं कसं? रोजच्या खाण्यात २०० ते ३०० कॅलरी वाढवायच्या. उकड्या तांदळाचा शिजलेला भात दीडशे ग्रॅम जास्त घेतला की साधारण १९० कॅलरी होतात. बाकीच्या कॅलरी एखाद्या बांगड्यातून किंवा अंड्यातून. पहिल्या आठवड्यात वजन किलोभर वाढतं. शरीरात साठणारं ग्लायकोजेन दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, त्याचं हे वजन. ते समोर दिसलं की माणूस घाबरून बेत मोडतो, म्हणून काटा कपाटात. कंबरेची टेप पंधरा दिवसांनी एकदा, बस.

आकडेमोड
ताई, विश्रांतीला माझा विरोध नाही. काटा लपवायला आहे. आणि त्याआधी एक प्रश्न: वजन खरंच अडलंय का?

९२ किलोचा माणूस ८० वर आला असं धरा. उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी घटतो. १२ किलोंमागे २५ धरले तर ३०० कॅलरी झाल्या. सुरुवातीला रोजची तूट, म्हणजे खर्चापेक्षा कमी खाल्लेल्या कॅलरी, ५०० होती, ती त्याच ताटावर २०० उरली. चरबीच्या एका किलोत ७७०० कॅलरी धरतात, त्या हिशेबाने आठवड्याला जेमतेम १८० ग्रॅम. पाण्याचं वजन मात्र दिवसात किलो-दीड किलो वरखाली होतं. म्हणजे महिनाभर उतरलेली चरबी पाण्याखाली सहज झाकली जाते.

त्यावर आपलं स्वयंपाकघर. हुमणाच्या (माशांच्या कालवणाच्या) वाटपातलं, म्हणजे वाटणातलं, खोबरं माणशी मूठभर, ३० ग्रॅम, वाढलं की शंभर-सव्वाशे कॅलरी. तेलाचा मोठा चमचा १२० कॅलरींचा. उरलेली तूट इथेच संपते. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. काही केल्या वजन उतरत नाही म्हणणाऱ्या १० जणांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ती माणसं खोटारडी नव्हती. अंदाज असाच चुकतो. म्हणून राखणीचा काळ जाहीर करण्याआधी सात दिवस वाटप, तेल आणि भात वजन करून लिहा. तेलाला सोपी पडताळणी आहे: चौघांच्या घरात लिटरची बाटली आठवड्यात संपत असेल तर माणशी रोज ३२ ग्रॅम, म्हणजे २९० कॅलरी झाल्या.

आता काटा. वजन रोज करा. सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. पण आकडा वाचून विसरा आणि सात दिवसांची सरासरीच तेवढी बघा. चार सरासऱ्या हाती आल्याशिवाय 'अडलं' म्हणू नका. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी पाळीच्या या चक्राच्या पहिल्या आठवड्याची तुलना मागच्या चक्राच्या पहिल्या आठवड्याशीच करावी. काटा गालिच्यावर किंवा हलत्या लादीवर ठेवू नका. जुन्या घरांत या एवढ्या कारणाने अर्ध्या किलोचा फरक पडू शकतो आणि त्यावर रडारड होते.

साष्टीकार
आकडेमोडभाई, एक भर. आपल्या गोव्यात जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात सुके बांगडे, सुक्या सुंगटांची किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर), लोणची येतात. मीठ दुपटीने पोटात जातं आणि शरीर पाणी धरतं. शिवाय पावसाने मिरामारच्या किनाऱ्यावरचं चालणं बंद. पावसाळ्यात वजन अडलं म्हणून डॉक्टरकडे धावण्याआधी पंधरा दिवस सुकं बंद करून बघा.

आणि शनिवारची फेणी कुणीच लिहीत नाही! ६० मिलीत नुसत्या अल्कोहोलच्या १४० कॅलरी. वर लिंबाचा गोड सोडा. तीन पेग, सोबत मूठभर काजू, की आठवड्याची तूट अर्धी गेली.

मांडवीपार
हिशेब बरोबर आहे, तो मी नाकारत नाही. पण तुम्ही दोघेही असं गृहीत धरताय की हिशेब करणाऱ्याचं डोकं शाबूत आहे. चार-पाच महिने तूट सोसलेल्या माणसाला पुन्हा 'वाटप मोज' सांगितलं की त्याला एवढंच ऐकू येतं: तू फसवतोयस. पडताळणी करायचीच तर ती राखणीच्या काळात करा. पोटभर खाताना लिहिलेली वही जास्त खरी असते, कारण लपवायला कारण उरत नाही.

विश्रांतीच्या बाजूने पुरावाही आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅटाडोर चाचणीत ५१ लठ्ठ पुरुष होते. एका गटाने सलग १६ आठवडे कमी खाल्लं. दुसऱ्याने दोन आठवडे कमी, दोन आठवडे राखणीपुरतं, असं आलटून पालटून. पहिल्यांचं सरासरी ९.१ किलो उतरलं, दुसऱ्यांचं १४.१.

आकडेमोड
दुसऱ्या गटाला त्यासाठी ३० आठवडे लागले, हे सांगायचं राहिलं. आणि २०२१ मध्ये व्यायामाची सवय असलेल्यांवर अशीच चाचणी झाली. तीन आठवडे तूट, एक आठवडा विश्रांती. चरबी उतरण्यात फरक पडला नाही. भूक मात्र विश्रांतीवाल्यांना कमी जाणवली. तेव्हा विश्रांती घ्या ती मनासाठी आणि भुकेसाठी घ्या. 'चयापचय पुन्हा चालू होतो' म्हणून घेऊ नका, नाहीतर नवव्या आठवड्यात अपेक्षाभंग ठरलेला.

मिनेसोटाचंही तसंच. त्या तरुणांचं वजन जवळपास चौथ्या हिश्शाने घटवलं होतं. आपल्याकडे ८२ वर अडलेला, पोटाला टायर असलेला माणूस त्यांच्या रांगेत बसवू नये.

काटा का लपवू नये तेही सांगतो. अमेरिकेत १९९४ पासून वजन उतरवून टिकवणाऱ्यांची एक नोंदवही चालते. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. आठ आठवडे न बघितलेला काटा नवव्या आठवड्यात परीक्षेच्या निकालासारखा वाटतो. भीती कमी करायला तो रोज बघून गुळगुळीत करावा लागतो.

काणकोणची बाय
नोंदवहीतल्या लोकांचं वजन टिकलं म्हणून ते काट्यावर चढतात, की चढतात म्हणून टिकलं? त्या आकड्यावरून ते ठरत नाही. ज्याचं वजन उतरतं त्याला काटा आवडतोच.

माझं म्हणणं दोघांपेक्षा वेगळं आहे. काटा ठेवा की काढा, हा प्रश्न माणसागणिक बदलतो आणि तो ठरवायला साधी पद्धत आहे. एक आठवडा काट्यावर चढण्याआधी वहीत दोन गोष्टी लिहायच्या: मनःस्थितीला १० पैकी गुण, आणि आज दुपारी काय जेवणार. मग वजन. रात्री बघायचं की ठरवलेलं जेवण बदललं का. आकडा वाढलेला दिसला म्हणून जेवण टाळलं, किंवा 'जाऊ दे आता' म्हणत संध्याकाळी चार बन्स (केळ्याच्या गोड पुऱ्या) खाल्ले, असं आठवड्यात तीनदा घडलं तर तुमच्यासाठी काटा कपाटातच बरा. एकदाही घडलं नाही तर आकडेमोडभाईंची सरासरी चालू द्या.

तो 'जाऊ दे आता' हाच प्लॅटोतला खरा खड्डा. एका बन्सने काही बिघडत नाही. बिघडतं ते नंतरच्या तीन बन्सनी आणि दुसऱ्या दिवशीच्या उपासाने. त्यावर उपाय आधी लिहून ठेवायचा, वाक्य नेमकं हवं: 'काटा वर गेला तर मी सकाळचं नेहमीचंच खाईन आणि वीस मिनिटं चालेन.' 'मी खंबीर राहीन' असलं वाक्य निरुपयोगी, कारण त्यात करण्यासारखं काही नाही.

आणि एक नियम: ठरलेलं जेवण कधीच शिक्षा म्हणून चुकवायचं नाही. उपासाच्या रात्रीच फ्रिज उघडला जातो.

तिरकस
सगळे मोजताहेत. मुळात अजून उतरवायचंय कशाला, हे कुणी विचारेल का? आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २३ च्या वर गेला की जास्त वजन धरतात, कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८०. कंबर त्याच्या आत आली, साखर आणि रक्तदाब जागेवर आले, तर उरलेले चार किलो फक्त लग्नातल्या जुन्या फोटोसाठी उतरवायचे असतात. तिथे प्लॅटोला प्लॅटो म्हणूच नये. पोचलात, उतरा गाडीतून.

आकडेमोड
तिरकसभाई, हे मात्र सोळा आणे पटलं. फक्त तपासण्या झाल्यावर म्हणा.

सत्तरीची वाट
तपासण्यांवरून: अडलेल्या वजनाचं खापर सर्रास थायरॉइडवर फुटतं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या, पण थायरॉइड मंदावल्याने वाढणारं वजन बहुतेकदा दोन ते पाच किलोच असतं आणि त्यातलं पुष्कळ मीठ-पाण्याचं. औषधांकडे जास्त लक्ष द्या: स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही जुन्या गोळ्या, मनोविकारांवरचं ऑलान्झापिन, फिटांवरचं व्हॅलप्रोएट. आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा.

मनाच्या बाजूने बोलायचं तर दुसऱ्या देशांतल्या चाचण्या शोधत बसायला नको. नैराश्यावरची एक पद्धत इथेच, गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासली गेली आहे. संगाथ या संस्थेचं काम, लॅन्सेटमधून २०१७ मध्ये आलं. डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक सहा ते आठ बैठकांत माणसाला एकच गोष्ट शिकवतात: मन लागेल तेव्हा करू असं न म्हणता आधी ठरलेलं काम करायचं, मन मागून येतं. ती चाचणी नैराश्याच्या रुग्णांवर होती, प्लॅटोवर नव्हे. पण तत्त्व उचलण्यासारखं आहे. आठवड्याच्या वहीत खाण्यावजनाशी अजिबात संबंध नसलेली तीन कामं वारवेळेसह लिहा: बुधवारी संध्याकाळी भजनाचा सराव, शनिवारी बागेत दोन तास, रविवारी मावशीकडे. महिनोन्‌महिने ज्याचा दिवस फक्त ताट आणि काटा यांनी भरलाय, त्याला अडलेला आकडा म्हणजे सगळं आयुष्य अडल्यासारखं वाटणारच.

काही खुणा दिसल्या तर मात्र घरगुती उपाय थांबवा. दिवसातून अनेकदा वजन करणं, लपून खाणं, खाल्लेलं ओकून काढणं, जुलाबाच्या गोळ्या. किंवा आठवड्यातून एकदा तरी ताबा सुटून भरमसाट खाणं आणि ते तीन महिने चालणं. तिथे काटा ताबडतोब घराबाहेर आणि माणूस तज्ज्ञाकडे. गोव्यात बांबोळीला मनोविकारांची सरकारी संस्था आहे, आणि टेली-मानसचा १४४१६ क्रमांक फुकट लागतो.

मांडवीपार
बायच्या आठवड्याच्या चाचणीवर मी यायला तयार आहे. ज्याचं जेवण आकड्याने बदलत नाही त्याने काटा ठेवावा, कबूल. पण आधी वाटप मोजा, मग विश्रांती, हा आकडेमोडभाईंचा क्रम मला अजूनही उलटा वाटतो.

आकडेमोड
वाटू द्या. सात दिवसांची वही आठ आठवड्यांपेक्षा स्वस्त पडते, म्हणून ती आधी. वहीत चूक सापडली नाही, चार सरासऱ्या सपाट आल्या, तर तुमचे आठ आठवडे घ्या. पुन्हा तुटीकडे परतताना जुनं ताट धरू नका. नव्या वजनावरून हिशेब करून तूट ३०० च्या आसपास ठेवा, ५०० ची आता झेपत नाही. प्रथिनं रोज वजनाच्या किलोमागे १.२ ग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका, शिवाय आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम.

साष्टीकार
आणि आठ आठवडे मोजताना पंचांग बघा. ते गणेश चवथीच्या आठवड्यात संपत असतील तर आणखी पंधरा दिवस पुढे न्या. नेवऱ्यांचे (करंज्यांचे) डबे भरलेले, पाहुणे 'बारीक झालीस गो' किंवा 'जाडलास रे' म्हणणारे, त्यात तूट सुरू केली तर ती तिसऱ्या दिवशीच मोडते.