छंदाच्या प्रकल्पाला खरं नाव लावू नका, सुरुवात टोपणनावानेच करा

ट्रान्सहार्बर (धागाकर्ता)
नोकरीबाहेर हौसेनं केलेल्या कामावर, मग ते छोटं ॲप असो की ओपन सोर्समधला, म्हणजे सगळ्यांना वाचायला-वापरायला खुला, कोड, स्वतःचं पूर्ण नाव घालू नये, असं माझं ठाम मत झालंय.

ठाणे-वाशी लोकलचं वेळापत्रक दाखवणारं एक फुकट ॲप मी केलं होतं. त्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं. पुढे नोकरी बदलली, वेळ मिळेना, काम थांबवलं. १२ जानेवारी २०२४ ला ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव स्थानक सुरू झालं, ते माझ्या ॲपमध्ये नव्हतं. तक्रारी येणारच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण एकाने नावावरून माझी कंपनी शोधली आणि एचआरला मेल टाकला की तुमचा माणूस प्रवाशांची दिशाभूल करतो. दुसरे गृहस्थ थेट घरी. मतदार यादी कुणालाही उतरवून घेता येते, तिच्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि घर क्रमांक असतो. पुढचं काम सोसायटीच्या बोर्डानं केलं, खाली लिफ्टशेजारी प्रत्येक फ्लॅटपुढे मालकाचं नाव रंगवलेलं आहे. मी ऑफिसात होतो. बाबांनी दार उघडलं आणि दारातच त्यांना लोकलच्या वेळांचा जाब द्यावा लागला. त्यांना ॲप म्हणजे काय हेही धड माहीत नाही.

आता नाव काढायचं म्हटलं तर निघत नाही. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली, तिच्यात प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या बदलाला, नाव आणि ईमेल चिकटलेला असतो. फिल्टर-रेपो हे साधन चालवून इतिहास नव्यानं लिहिता येतो, पण मग पुढच्या कमिटचे सगळे हॅश, म्हणजे ओळखखुणा, बदलतात, आणि ज्यांनी आधीच क्लोन किंवा फोर्क करून स्वतःची प्रत घेतलीय त्यांच्याकडे जुनं नाव तसंच राहतं. वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात साठलेली पानं वेगळीच. टोपणनाव घेतलं असतं तर उद्या वाटेल तेव्हा एका ओळीत खरं नाव सांगता आलं असतं. उलट्या दिशेनं रस्ताच नाही.

मासुंदा_काठ
वडिलांना झालेला त्रास वाईटच, घरी जाणाऱ्याची चूक आहे. पण त्यावर उपाय म्हणून सगळ्यांनी बुरखे घालायचे हे मला पटत नाही. माझ्या सर्व्हरवर मी कुणाचा कोड चालवतो हे मला कळायला नको का? एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं प्रकरण आठवा. ‘जिया टॅन’ या नावाच्या खात्यानं दोनेक वर्षं गुणी मुलासारखं काम केलं, देखभालीचे अधिकार मिळवले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये ते उघडकीला आलं. तो माणूस कोण हे अजून जाहीर झालेलं नाही. खरी ओळख मागितली असती तर एवढं धाडस झालं नसतं.

ट्रान्सहार्बर
जिया टॅन हे टोपणनावासारखं दिसत होतं का? चांगलं माणसाचं नाव दिसत होतं, म्हणून तर कुणी शंका घेतली नाही. आणि पकडलं कसं गेलं? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांना एसएसएचनं, म्हणजे दुरून दुसऱ्या संगणकावर, लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्यांनी ते खणून काढलं. कोड तपासला म्हणून सापडलं. आधार कार्ड दाखवा म्हणालात तर फुकट काम करणारी माणसं निघून जातील, चोर खोटं कार्ड घेऊन येईल.

रफार
मी धागाकर्त्याच्या विरुद्ध बाजूला आहे. देवनागरी फॉण्टमधली जोडाक्षरं नीट बसवायचं काम मी सुरुवातीला टोपणनावानेच करत होते. सगळे मला ‘सर’ आणि ‘दादा’ म्हणायचे. ‘र्‍य’ आणि ‘र्य’ वेगळे दिसले पाहिजेत, ‘दर्‍या’ लिहिलं की ‘दर्या’ उमटायला नको, यावर मी एक लांबलचक टिपण लिहिलं होतं. ते एका कार्यक्रमात दुसऱ्याच कुणीतरी ‘आमच्या गटाचं काम’ म्हणून दाखवलं, आणि मला उठून ‘हे माझं आहे’ म्हणायची सोय नव्हती. त्यानंतर पूर्ण नाव घातलं. बायकांची कामं आधीच दुसऱ्याच्या नावावर जमा होतात, त्यात आपणच नाव पुसायचं?

लग्नानंतर आडनाव बदललं तेव्हा गिटच्या मेलमॅप फाइलमध्ये, जी जुनं नाव नव्याशी जोडते, एक ओळ घातली, यादीत नवं नाव दिसू लागलं. मूळ कमिटमध्ये जुनं आहे. असू दे, तीही मीच आहे.

ट्रान्सहार्बर
तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. श्रेय चोरीला जाणं हा माझ्यापेक्षा मोठा तोटा आहे. तरी पहिल्या दिवसापासून एकच टोपणनाव आणि तीच साइनिंग की, म्हणजे कामावर डिजिटल सही करायची किल्ली, ठेवली, तर काम आपलंच आहे हे नंतरही सिद्ध करता येतं.

रफार
सभागृहात की दाखवून कोण ऐकतं? तिथे नावच लागतं.

उपवन_ते_कचराळी
आडनावाची एक गोष्ट अजून कुणी काढली नाही. मी ठाण्यातल्या तलावांचा नकाशा करतो. जुन्या पायऱ्या, गणपती विसर्जनाची जागा, कुठे भराव पडलाय, असं सगळं. खऱ्या नावानं टाकला तेव्हा पहिलाच प्रश्न आला, ‘तुमचं गाव कोणतं?’ मग ‘या आडनावाचे लोक आमच्याकडे पण आहेत’. हे प्रश्न कशासाठी असतात ते आपल्याला सगळ्यांना कळतं. तलावाबद्दल कुणी बोलेना, माझी जात कोणती यावर आडून आडून चर्चा. नाव बदलून तोच नकाशा पुन्हा टाकला, तर लोकांनी आंबेघोसाळे आणि रेवाळे तलावांच्या आठवणी लिहिल्या. ज्यांच्या आडनावाला कुणी थांबवत नाही त्यांना ‘खरं नाव लावा’ म्हणणं सोपं जातं.

मासुंदा_काठ
हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण मग समोरच्याची जात काढणाऱ्याला हाकला ना! तोही टोपणनावामागेच बसलेला असतो.

खारघर_सेमेस्टर७
मला प्लेसमेंटला गिटहबची, म्हणजे कोड ठेवायच्या साइटची, लिंक द्यावी लागते. टोपणनाव असलं तर हे काम माझंच, हे कंपनी मानेल का?

ट्रान्सहार्बर
मानेल. लिंक तुम्ही बायोडेटात देताय, म्हणजे फक्त त्यांनाच सांगताय. मुलाखतीत कोड समजावून सांगितलात की प्रश्न संपतो.

रबाळे_एमआयडीसी
निवड नेहमी आपल्या हातात नसते. प्ले स्टोअरवर आता वैयक्तिक खात्याचंही कायदेशीर नाव आणि देश दिसतो, ॲपमधून पैसे घेत असाल तर पूर्ण पत्ता. हौसेचं फुकट ॲप असेल तर एफ-ड्रॉइड हे ओपन सोर्स ॲपचं भांडार बघा, तिथे ओळखपत्र मागत नाहीत. आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यावर विसंबू नका, जी माहिती आपण स्वतःहून जाहीर केली तिला तो लागूच होत नाही.

मासुंदा_काठ
ठीक, नाव नका लावू. पण चालू पत्ता तरी ठेवा. बिघाड कळवला तर कुणीतरी उत्तर दिलं पाहिजे, आणि काम बंद केलं असेल तर पहिल्याच पानावर तसं लिहा. दिघ्याला उतरणारा माणूस ऐरोलीला गेला तर चिडणारच.

ट्रान्सहार्बर
हे मान्य. ॲपवर ‘देखभाल बंद’ अशी पाटी आता लावली आहे. नवीन कामाला गिटहबचा नो-रिप्लाय ईमेल, म्हणजे खरा पत्ता लपवणारा, वापरतोय, तो त्या रेपोपुरता (त्या प्रकल्पाच्या कोडसाठ्यापुरता) सेट करून ठेवला की ऑफिसचा पत्ता चुकून जात नाही.

रफार
माझं नाव मी काढणार नाही. पण मुलीला हे सगळं वाचायला देतेय, तिचं तिनं ठरवावं.