रस्त्याचे निकृष्ट काम आणि गावातील तरुणांची भूमिका

प्रश्न
आमच्या ग्रामपंचायतीने गेल्या उन्हाळ्यात अंतर्गत रस्त्याचे काँक्रिटीकरण केले आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यातली खडी उघडी पडली. ग्रामसभेत विचारणा केली असता ‘काम अंदाजपत्रकाप्रमाणे झाले आहे’ एवढेच उत्तर मिळते, आणि घरची वडीलधारी मंडळी ‘शिक्षण सोडून गावकीच्या भानगडीत पडू नका’ असे बजावतात. महाविद्यालयात शिकणाऱ्या आम्हा मुलामुलींनी मोर्चा काढावा, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जावे, की आणखी काही करता येईल?

उत्तर १ (निवृत्त शाखा अभियंता)
मोर्च्याची घाई करू नका. लाच मागितली गेली असेल तर १०६४ या क्रमांकावर तक्रार करता येते. निकृष्ट कामाच्या बाबतीत मात्र आधी कागद हातात हवेत. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, देयक आणि मुख्य म्हणजे मोजमाप पुस्तिका, जिला आम्ही ‘एमबी’ म्हणतो, यांच्या प्रती मागवा. एमबीत रस्त्याची लांबी, रुंदी आणि जाडी नोंदलेली असते. लांबी-रुंदीत सहसा कोणी हात मारत नाही, कारण ती कोणालाही दिसते. चोरी होते ती जाडीत. रस्त्याची कड जिथे उघडी असेल तिथे टेप लावून, पाच-सहा ठिकाणची जाडी छायाचित्रांसह नोंदवा आणि ती एमबीशी ताडून पाहा.

उत्तर २
वरील कागदांसाठी माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत मांडा. एमबी पंचायत समितीकडे असेल, तर ‘आमच्याकडे उपलब्ध नाही’ असे म्हणून मोकळे होता येत नाही. कलम ६(३) नुसार अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग करावा लागतो. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करावे. फारसे कोणी वापरत नाही अशी एक तरतूद कलम २(ञ) मध्ये आहे: कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही नागरिकाला आहे. तुमच्यात कोणी स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी असेल, तर तो इथे खरा कामाला येईल.

उत्तर ३
वडीलधाऱ्यांची भीती अगदीच निराधार नाही. तळेगाव दाभाडे येथे जमिनींचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून उघड करणाऱ्या सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. म्हणून अर्ज एकट्याच्या नावाने न करता चौघा-पाचजणांनी स्वतंत्रपणे करावेत आणि मिळालेले कागद लगेच सर्वांकडे ठेवावेत. दुसरा धोका कमी दिसतो, पण अधिक वेळा घडतो: विरोधी पॅनेल तुमचे कागद निवडणुकीपुरते वापरते आणि सत्तेवर आल्यावर तोच ठेकेदार कायम राहतो. त्यामुळे मागील पाच वर्षांतील, म्हणजे दोन्ही पॅनेलच्या काळातील कामांची माहिती मागवा. मग तुमच्यावर कोणाचाही शिक्का बसणार नाही.

प्रश्नकर्ता
दोन्ही काळांची माहिती मागवण्याचे आम्हाला सुचले नव्हते. मागच्या पॅनेलमध्ये माझे सख्खे काका सदस्य होते, तेव्हा त्या कामांचा अर्ज मीच माझ्या नावाने करीन.