चौतिशीत मृत्युपत्र केलं, आईनं अबोला धरला. चुकलं का माझं?

बांधावरचा: दारव्हा तालुक्यात साडेचार एकर. अडीच वडिलांचं, दोन मी घेतलेलं. कपाशी अन् तूर. परवा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मृत्युपत्र नोंदवून आलो. तेव्हापासून आई बोलत नाही. "जित्यापणी मरणाचे कागद काहून करतं?" एवढंच म्हणाली.

कारण सांगतो. मागच्या पावसाळ्यात माझ्याच वयाचा मित्र वावरातून घरी येताना गाडीवरून पडून गेला. कागद काहीच नव्हता. त्यानं स्वतः घेतलेल्या तीन एकरावर फेरफार (सातबाऱ्यावर नाव बदलायची नोंद) झाला तो आई, बायको अन् दोन लेकरं असा. हिंदू वारसा कायद्यानं चौघांना सारखा हिस्सा. बाप जिवंत आहे, पण त्याचं नाव त्यात येत नाही. लेकरांच्या नावापुढं 'अ. पा. क. आई', म्हणजे लेकरू अज्ञान (अठराच्या आतलं), पालनकर्ती आई. आता वहिनीला अर्धा एकर विकायचा म्हटलं तर अज्ञानांच्या हिश्शापायी कोर्टाची परवानगी. सोसायटीत पीककर्जाला सासूचीही सही, अन् त्या दोघींचं किती जमते हे गावाला माहीत.

अठरा वर्षं झाली की लिहून ठेवावं. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदार मात्र पाहिजेत.

पऱ्हाटी_तूर: भाऊ, जमीन अजून आज्याच्या नावावर. माह्या नावावर एक गाडी अन् तिचे हप्ते. हप्ते कोणाला लिहून देऊ? हे नागपूर-पुण्याच्या फ्लॅटवाल्यांचे चोचले हायेत. बँकेत नॉमिनी लावला, झालं.

बांधावरचा: नॉमिनी मालक नसतो बाप्पा. तो पैसे उचलतो, हक्क वारसांचाच राहतो. अन् आज्याच्या नावावर जमीन राहिली हेच तर दुखणं आहे. वारस नोंद तीन महिन्यांत कळवायची असते, तुमच्याकडं तीन पिढ्या गेल्या.

वणीची_लेक: मला हे मृत्युपत्राचं कौतुक पचत नाही. आमचे बाबा 82 वर्षांचे, शेवटी माणूस ओळखत नव्हते. तेराव्यानंतर भावानं कागद काढला. खाली अंगठा, साक्षीला त्याचेच दोन मित्र. आम्हा बहिणींचं नाव कुठंच नाही. कागद नसता तर हिस्सा आपसूक आला असता. खेड्यात मृत्युपत्र कोण करते अन् कोणासाठी करते, ते आधी पाहा.

बांधावरचा: ताई, वडिलोपार्जित जमिनीत वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीचा जन्मतः हक्क आहे. बापाला फक्त आपला हिस्सा लिहून देता येतो. दावा लावा.

वणीची_लेक: लावला. तारखेला जाते, तारीख घेऊन येते. माहेरचा चहा सुटला तो वेगळा.

अंगणवाडीताई: मी दोघांच्या मधली. विधवा, मूलबाळ नाही. मानधनातून पै पै करून प्लॉट घेतला. लिहून न ठेवता गेले तर तो नवऱ्याच्या वारसांकडं जाईल, म्हणजे दिराकडं. माझ्या आईचा नंबर त्यांच्यानंतर. या दिरानंच मला घराबाहेर काढलं होतं. 41 व्या वर्षी मृत्युपत्र केलं, सगळं आईला अन् भाचीला. कमावत्या बाईनं तर थांबूच नये.

जुना_कास्तकार: अन् ज्यांना घाई असते त्यांना सांगतो, बक्षीसपत्र करू नका. आमच्या गल्लीत एकानं वावर पोराला बक्षीस दिलं, आता ओसरीवर खाट आहे त्याची. मृत्युपत्र केव्हाही बदलता येते. सुनेनं भाकर नीट वाढली नाही तर दुसऱ्या दिवशी नवीन करा 😄

वणीची_लेक: बांधावरचे दादा, एक विचारू? तुमच्या कागदात बहिणीचं नाव आहे?

बांधावरचा: माझं दोन एकर बायकोला दिलं. वडिलांच्या अडीच एकरात बहिणीचं आता काही नाही. तिनं 2016 लाच हक्कसोडपत्र दिलं.

वणीची_लेक: दिलं, की घेतलं?