धागा: इंग्रजीत बीए, स्पॅनिश बी२ पर्यंत, पुढे एमए कोठे करावे?

गिरणाकाठ (भडगाव)
सर्वांना नमस्कार. मी जळगावात इंग्रजी विषय घेऊन बीए केले असून, पुण्यात नोकरी करताना शनिवार-रविवारच्या वर्गांतून आणि नंतर घरी स्वतः अभ्यास करून स्पॅनिशची देले बी२ ही परीक्षा (सहा पातळ्यांपैकी चौथी) उत्तीर्ण झाले आहे. आता स्पॅनिश भाषा, साहित्य आणि संस्कृती या विषयात एमए व जमल्यास पीएचडी करून विद्यापीठात शिकवावे, असा मनोदय आहे. दोन वर्षांचे शुल्क, राहणे आणि जेवण यांसाठी सगळे मिळून चार लाख रुपये आहेत. त्यावर एक रुपयाही वाढणार नाही, कारण यंदाच्या कापसाने घरी काय दिले ते आपण सर्व जाणताच. एमए भारतात करावे की स्पेनमध्ये, आणि प्रवेशाआधी सी१ ही त्यापुढची पातळी देणे आवश्यक आहे का?

चाळीसगावकर
ताई, स्पॅनिश शिकायचे तर स्पेनमध्येच. मी साल्मान्का येथे राहून आलो आहे. १२१८ साली स्थापन झालेले ते विद्यापीठ, रात्री पिवळ्या दगडांवर पडणारा तो उजेड आणि चौकात कानावर पडणारी भाषा हे कोणत्याही वर्गात मिळत नाही. माझे सोळा-सतरा लाख गेले, पण बँक कर्ज देते, तेव्हा चार लाखांच्या आकड्यात अडकून पडू नका.

भुसावळ_जंक्शन
मूळ प्रश्नात चार लाख असे स्पष्ट लिहिले आहे, ते वाचण्याची तसदी कोणी घेईल का? दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन व लॅटिन अमेरिकन अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र असून तेथे बीए ऑनर्सपासून पीएचडीपर्यंत सर्व काही आहे. शुल्क नाममात्र, ग्रंथालय चांगले, आणि भुसावळहून दिल्लीला थेट गाड्या आहेत, तेव्हा दिवाळीला घरी येण्याचीही अडचण नाही. एमएचा प्रवेश सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो. माझ्या पुतण्याने तेथेच एमए केले आणि आज तो गुरुग्राममध्ये तुमच्या-आमच्या दुप्पट कमावतो.

पांझराकाठ (धुळे)
दिल्लीला माझाही पाठिंबा आहे, मात्र तेथे अर्ज करण्याआधी एक गोष्ट लेखी विचारून घ्यावी: पदवी इंग्रजीची असताना स्पॅनिशचे प्रमाणपत्र पात्रतेसाठी ग्राह्य धरतात का, आणि कोणाचे धरतात. मी पुण्यातील एका खासगी संस्थेत साठ हजार रुपये भरून ‘बी२ समकक्ष’ असे सुबक छापलेले प्रमाणपत्र मिळवले होते. त्यावर संस्थेचाच शिक्का, संस्थेचीच सही. दिल्लीत ते दाखवल्यावर समोरच्या बाईंनी ते अत्यंत सौजन्याने परत केले. देले हे स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस ही स्पॅनिशचा प्रसार करणारी संस्था देते आणि त्याची मुदत संपत नाही, त्यामुळे या बाबतीत तुमची स्थिती माझ्यापेक्षा बरी आहे.

रावेरचा_केळीवाला
आमच्याकडे केळीची काढणी आणि पॅकिंग शिकवण्यासाठी इक्वेडोरचे एक गृहस्थ आले होते. त्यांच्यासोबत आलेला दुभाषा स्पेनमध्ये शिकलेला होता आणि तो प्रत्येक वेळी ‘प्लातानो’ म्हणत होता. स्पेनमध्ये त्याचा अर्थ आपली खायची केळी असा असला, तरी इक्वेडोरच्या माणसाला प्लातानो म्हणजे भाजीची केळी. खायच्या केळीला ते बानानो किंवा गिनेओ म्हणतात. अर्धा दिवस आम्ही कोणत्या केळीविषयी बोलत होतो, हेच कळेना. म्हणून लॅटिन अमेरिकेची स्पॅनिश शिकवणारे ठिकाण निवडा, व्यवसाय तिकडे आहे.

चाळीसगावकर
केळीचा येथे काय संबंध? प्रमाण भाषा स्पेनचीच. आणि ‘डेले’ची सी१ देऊनच जा.

अहिराणी_मावशी
प्रथम, ‘डेले’ नव्हे, ‘देले’. स्पॅनिशमधील त आणि द हे आपल्या त-द सारखे दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने ट-ड म्हटले की शिक्षकाच्या कपाळावर आठी पडते. दुसरे, ‘प्रमाण भाषा स्पेनचीच’ हे विधान विद्यापीठाच्या पातळीवर टिकत नाही. वीस देशांहून अधिक ठिकाणी जी राजभाषा आहे, तिच्यात अर्जेंटिनाच्या ‘व्होस’ला (तू) आणि माद्रिदच्या ‘व्होसोत्रोस’ला (तुम्ही सगळे) सारखाच मान आहे, आपल्या अहिराणीला अशुद्ध म्हणणाऱ्यांना आपण काय उत्तर देतो, ते आठवावे. व्याकरणात तर मराठी माणसाला इंग्रजीपेक्षा मराठीचाच आधार अधिक मिळतो. ‘मे गुस्ता’ म्हणजे शब्दशः ‘मला आवडते’. आवडणारी वस्तू कर्ता आणि आपण ‘मला’. इंग्रजीतून शिकणारे या वाक्याशी महिनोन्महिने झगडतात.

सी१ प्रवेशासाठी नव्हे, वाचनासाठी लागते. बी२ ला वर्तमानपत्र वाचता येते, परंतु सोळाव्या-सतराव्या शतकातील सुवर्णयुगाचे साहित्य समोर आले की पहिल्या पानावरच धाप लागते. परीक्षेचे शुल्क वाचवा आणि अलिकान्ते विद्यापीठाने १९९९ मध्ये सुरू केलेल्या मिगेल दे सेर्व्हान्तेस आभासी ग्रंथालयातून रोज दोन पाने वाचा. ते विनामूल्य आहे, तसाच स्पॅनिश अकादमीचा शब्दकोशही.

तोरणमाळ (नंदुरबार)
स्पेनचा विचार असेल, तर माझी फजिती वाचून घ्या. तेथे ‘मास्तेर ओफिसिआल’ आणि ‘तितुलो प्रोपिओ’ असे दोन प्रकार असतात. पहिला शासनमान्य, साधारण ६० श्रेयांकांपासूनचा, आणि त्यावरून पीएचडीकडे जाता येते. दुसरा हा विद्यापीठाने स्वतःच्या अधिकारात दिलेला असतो व त्यावर पीएचडीचा थेट प्रवेश मिळत नाही. माहितीपत्रकात दोन्हीवर ‘मास्तेर’ असेच लिहिलेले होते, मी स्वस्त दिसला तो घेतला आणि वर्ष संपल्यावर अर्थ कळला. शिवाय पदवीवर अपोस्टील, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारे प्रमाणन हवे, त्यासाठी आधी राज्य शासनाचे आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन. पुढे अधिकृत शपथबद्ध अनुवादकाकडून अनुवाद. प्रत्येक शिक्क्याला पैसे आणि आठवडे लागतात.

आता मुख्य मुद्दा. विद्यार्थी व्हिसासाठी ‘इप्रेम’ या स्पेनच्या सरकारी उत्पन्न-निर्देशांकाइतकी रक्कम दरमहा दाखवावी लागते आणि तो २०२३ मध्ये महिना ६०० युरो ठरला. वर्षाचे ७,२०० युरो, म्हणजे तुमचे चार लाख शुल्क भरण्याआधीच संपले. शिकवायचेच असेल, तर भारतातले एमए किमान ५५ टक्क्यांनी पूर्ण करून यूजीसी-नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा द्यावी. त्यात स्पॅनिश हा विषय आहे.

भुसावळ_जंक्शन
मीही हेच म्हणत होतो. दिल्ली.

पांझराकाठ
दिल्लीच. फक्त पात्रता लेखी विचारा, हे पुन्हा सांगतो.

रावेरचा_केळीवाला
हैदराबादच्या इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठातही स्पॅनिशचे एमए आहे असे ऐकतो. पण तेथे कोण जाते?

गिरणाकाठ
सर्वांचे आभार. तोरणमाळ यांच्या हिशोबानंतर स्पेनचा कागद मी बाजूला ठेवला आणि सी१ चे शुल्कही तूर्त भरणार नाही. दिल्लीबद्दल बहुतेकांचे एकमत आहे हे मला दिसते, तरीही मी हैदराबादचे ठरवले आहे. माझी आत्या सिकंदराबादला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहते आणि तिची निवृत्ती तीन वर्षांवर आहे. दोन वर्षांचे राहणे-जेवण तेथेच निघाले, तर वाचलेल्या पैशांतून पुढे पीएचडीच्या काळात एखादा प्रवास होईल. पात्रतेबाबत पांझराकाठ यांनी सुचवल्याप्रमाणे लेखी विचारणा कालच पाठवली. आभासी ग्रंथालयातील वाचनही सुरू केले. दोन नव्हे, अर्धे पान झाले.

चाळीसगावकर
निर्णय तुमचा. तरी उन्हाळ्यात तीन आठवडे साल्मान्काला जाऊन यावे, जेमतेम अडीच-तीन लाखांत होते.