गँग्लियनमध्ये रिसेप्टरचा आरएनए सापडला, तर रिसेप्टर तिथेच काम करतो असे म्हणता येईल का?

घोडबंदरची_विद्यार्थिनी
नमस्कार. मी ठाण्यात प्राणिशास्त्रात एमएस्सी करत आहे. रॅटच्या ट्रायजेमिनल गँग्लियनचे, म्हणजे चेहरा, दात आणि जिभेच्या पुढच्या भागाची संवेदना वाहून आणणाऱ्या चेतापेशींच्या गुच्छिकेचे, पातळ छेद घेऊन मी त्यांत सीजीआरपी हे न्यूरोपेप्टाइड (चेतापेशी सोडतात तो लहान संदेशवाहक रेणू) आणि त्याच्या रिसेप्टरचा (तो संदेश ओळखणाऱ्या प्रथिनाचा) रॅम्प१ हा घटक शोधत आहे. पेप्टाइड लहान पेशींत ठळक दिसते, रॅम्प१ मात्र बहुतांशी शेजारच्या मोठ्या पेशींत दिसतो. मग हा रिसेप्टर गँग्लियनमध्येच काम करतो असे लिहावे, की जिभेतील चेतातंतूंच्या टोकांवर? रुचिकलिकांबद्दलही (जिभेवरील चव ओळखणाऱ्या पेशींच्या गुच्छांबद्दलही) एक परिच्छेद लिहायचा आहे.

ऐरोलीकर
चेतापेशीची प्रथिने मुख्यतः पेशीदेहात तयार होतात आणि तिथून तंतूच्या दोन्ही टोकांकडे रवाना होतात. ही जलद वाहतूक दिवसाला सुमारे 400 मिलिमीटरपर्यंत पोहोचते, त्यामुळे माणसाच्या कमरेजवळच्या गँग्लियनमध्ये बनलेला रिसेप्टर पायाच्या अंगठ्यापर्यंत जायला अडीच-तीन दिवस घेईल, तर जिभेपर्यंतचे अंतर काही तासांचेच असते. रॅटच्या व्हेगस चेतेला दोऱ्याने गाठ मारल्यावर कोलेसिस्टोकायनिन या दुसऱ्या पेप्टाइडचे रिसेप्टर गाठीजवळ साचतात, हे 1980 च्या सुमारास दाखवले गेले होते. म्हणून आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याच्या सूचनेची प्रत, सापडला की ‘ही पेशी रिसेप्टर बनवते’ एवढेच सिद्ध होते. तो कुठे नांदतो, हे त्यातून कळत नाही.

तरीही आपल्या उदाहरणात गँग्लियनमधील कार्य शक्य आहे, असे मला ठामपणे वाटते. पेप्टाइड एका पेशीत आणि रिसेप्टर शेजारणीत किंवा तिला वेढणाऱ्या सॅटेलाइट (आधार देणाऱ्या) पेशींत असेल, तर पेशीदेहातून झिरपलेले सीजीआरपी तिथल्या तिथे शेजारणीवर परिणाम करू शकते. शिवाय हे गँग्लियन रक्त-मेंदू अडथळ्याच्या, म्हणजे रक्तातील मोठे रेणू मेंदूत शिरू न देणाऱ्या आवरणाच्या, बाहेर असल्यामुळे अर्धशिशीसाठी 2018 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एरेनुमॅब, म्हणजे याच रिसेप्टरला अडवणारे मोठे प्रतिपिंड, तिथपर्यंत पोहोचू शकते.

खारघर_प्रयोगशाळा
ताई, आपण रॅम्प१ कोणत्या पद्धतीने पाहिला, हे कृपया सांगा. पेशीच्या पडद्यावरील रिसेप्टरांना चिकटून ते उजळवून दाखवणारी प्रतिपिंडे फार फसवी असतात. एका रिसेप्टरसाठी आम्ही विकत आणलेल्या प्रतिपिंडाने, तो जीनच काढून टाकलेल्या उंदराच्या छेदातही पेशींच्या कडा तितक्याच तेजस्वी उजळवल्या, आणि सहा महिन्यांची चित्रे बाजूला ठेवावी लागली. शिवाय रॅम्प१ एकटा म्हणजे रिसेप्टर नव्हे; त्याला सीएलआर हा जोडीदार प्रथिन लागतो. दोन्ही एकाच पेशीत दाखवल्याशिवाय ‘सीजीआरपी रिसेप्टर’ हा शब्द वापरू नये.

रुचिकलिकांबद्दल एक दुरुस्ती सुचवतो. ठेच्याचा जाळ ट्रायजेमिनल चेता वाहते. तिचे तंतू बहुतांशी रुचिकलिकेच्या भोवती असतात. जिभेच्या पुढच्या भागाची चव मात्र चेहऱ्याच्या चेतेतून जिनिक्युलेट गँग्लियनकडे जाते आणि ते तंतू कलिकेच्या आत शिरतात. उंदरांत रुचिपेशी जीएलपी-1 हे पेप्टाइड बनवतात आणि त्याचा रिसेप्टर लगतच्या तंतूंवर असतो, म्हणजे पेप्टाइड जिभेत आणि ते ओळखणाऱ्या पेशीचा देह कवटीच्या हाडात. आपण केवळ ट्रायजेमिनलचे छेद घेतले असतील, तर त्यांवरून चवीबद्दल काहीही लिहू नका.

घोडबंदरची_विद्यार्थिनी
दोघांचेही मनापासून आभार. मी फक्त प्रतिपिंडच वापरले होते आणि सीएलआर पाहिलाच नाही, हे मान्य करते. पुढच्या छेदांत दोन्ही घटकांचे आरएनए एकत्र शोधीन, शेजारच्या छेदात सॅटेलाइट पेशींची खूण करीन आणि तोवर ‘गँग्लियनमधील काही मोठ्या पेशींत रॅम्प१ला अनुरूप संकेत दिसतो’ एवढेच वाक्य ठेवीन. रुचिकलिकांचा परिच्छेद आज रात्रीच काढून टाकते. जिनिक्युलेट गँग्लियन तांबूस, अगदी बारीक असते आणि हाड फोडताना चिरडते, असे ऐकले आहे. ते अखंड काढण्यासाठी हाड आधी मऊ करून घ्यावे का?

खारघर_प्रयोगशाळा
आरएनए पाहायचा असेल, तर आम्लाने हाड मऊ करू नका, आरएनए तुटतो. हाडातील कॅल्शियम हळूहळू ओढून घेणारे ईडीटीए वापरा, किंवा सूक्ष्मदर्शकाखाली ताज्या ऊतीतूनच गँग्लियन सोडवा. हात बसायला आठवडा जाईल, पण छेद स्वच्छ मिळतील.